तबकडीखालची जागा

“म्हणजे बटण आपोआप बंद झालं? त्याला हात फुटले?” अस्मिता विचारत होती.

“मम्मी, मी सकाळपासून त्या खोलीत गेलेच नाहीये. शप्पथ,” मैत्रेयी म्हणाली.

“शपथा नको घेऊस. क्लाएंट ऐकतोय, मी बोलतेय आणि मध्येच मी स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून पुतळा! नेट आल्यावर सर काय म्हणाले माहितीय? अस्मिता मॅडम, बदलापूरला अजून वीज पोचली नाही का? सगळे दात काढून हसले.”

मिलिंद डोकं पुसत बाथरूममधून बाहेर आला. “अगं, लाइट गेली असेल.”

“पंखा फिरत होता माझ्या डोक्यावर. लाइट नाही गेली. आतल्या डब्याचं बटण बंद होतं. मी स्वतः जाऊन चालू केलंय.”

मग तिघांनीही आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात पाटावर भिमाबाई लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“आई, तू केलंस बंद?” मिलिंदने विचारलं.

“खोली झाडली. झाडताना केलं असेल.”

“असेल म्हणजे? परवा पण झालं, त्याच्या आधी पण झालं. किती वेळा सांगितलं तुला, ते बटण पंख्याचं नाही. ते घराचं नेट आहे. तिची नोकरी आहे त्याच्यावर.”

“हाताला सवय आहे. जागेवरून उठलं की बटण बंद.”

“अहो आई, सवय तुमची आणि बोलणी मला,” अस्मिता म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, थकलेला होता. “पुढच्या महिन्यात घरून काम करायची परवानगी राहील की नाही, हे सर ठरवणार आहेत. रोज ठाण्याला जायचं तर मी सकाळी सहाला घर सोडेन आणि रात्री नऊला येईन. मग बघा तुम्ही सगळे.”

“रविवारी महेशला बोलावतो,” मिलिंद म्हणाला. “राउटर, डबा, सगळंच हॉलच्या माळ्यावर घेऊ. वर कोणाचा हातच पोचणार नाही. आई, तुझीही कटकट संपेल.”

“मला कसली कटकट?” भिमाबाईने विचारलं. पण अस्मिता परत लॅपटॉपकडे वळली होती, मिलिंद शर्ट शोधत होता आणि मैत्रेयीने कानात गाणं घातलं होतं. भिमाबाईच्या हातातली लसणाची पाकळी सोलायची राहूनच गेली.

हे घर मांजर्लीत, बदलापूर पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. नदीचं पाणी चढलं की खालच्या मजल्यांवरचे लोक गाद्या डोक्यावर घेऊन वर येतात, म्हणून मिलिंदने घर घेतानाच तिसरा मजला धरला. ते बरोबरच केलं. फक्त तिसऱ्या मजल्यावर जाता-येता कोणी डोकावत नाही. समोरच्या दारातले दोघंही नोकरीला जातात, शेजारच्या घराला कुलूपच असतं. खाली गेटजवळ एक बाक आहे, तिथे संध्याकाळी बायका बसतात. भिमाबाई दोन-चार वेळा जाऊन बसली होती. बायका वाईट नव्हत्या. पण त्यांचं आपसातलं बोलणं जुनं होतं, हिला ते मधूनच ऐकावं लागे आणि हसायचं कुठे ते कळत नसे. मग गुडघ्याचं निमित्त मिळालं.

भिमाबाईचं आयुष्य बायकांच्या घोळक्यात गेलेलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मधून सरकत जाणारी बिस्किटं. हात बिस्किटांवर आणि तोंड एकमेकींच्या घरांवर. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचा नवरा परत पिऊन आला, कुणाच्या डब्यात आज सुकट आहे, सगळं त्या टेबलावरून जायचं. जागेवरून उठायचं तर आधी आपल्या पट्ट्याचं बटण बंद करायचं, हा तिथला नियम. एकदा एका बाईची बांगडी पट्ट्यात अडकून मनगट सोलून निघालं होतं, तेव्हापासूनचा. भिमाबाईने तो नियम घरी आणला. बाहेर निघताना, झोपताना, अंघोळीला जाताना तिचा हात भिंतीवरून फिरायचा. तिचा नवरा भगवान हसायचा. म्हणायचा, “माझं बटण कुठं आहे ते सांग, म्हणजे तेही बंद करून जा.”

भगवान गेला. कारखानाही बंद झाला. मिलिंद आईला बदलापूरला घेऊन आला आणि आतली खोली तिला दिली. चांगली खोली होती. खिडकी, कपाट, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, भगवानचा त्यांच्या खाली थोडा बाजूला. मैत्रेयी तिच्याजवळच झोपायची. खाट रुंद होती आणि मैत्रेयी तेव्हा लहान होती. पुढे कॉलेजात गेली तरी तिची उशी तिथेच राहिली.

नेट आलं तेही याच खोलीत. गच्चीवरून येणारी वायर डक्टमधून खाली उतरायची आणि डक्ट भिमाबाईच्या खिडकीला लागून. महेश नावाचा चामटोलीचा माणूस हे काम करायचा. अर्धी सोसायटी त्याची गिऱ्हाईक होती. त्याने खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, वायर आत घेतली आणि कपाटावर एक पांढरा राउटर ठेवला. राउटरला मागे दोन काळ्या अँटेना होत्या. बोकडाच्या शिंगांसारख्या. बुडाशी वाकवता येणाऱ्या.

“हा कशाला इथं?” भिमाबाईने विचारलं होतं.

“मावशी, वायर इथं उतरते म्हणून,” महेश म्हणाला होता. “तुम्हाला काय, फुकटची सोबत. रात्रभर लुकलुक करील.”

सोबत झाली ती लुकलुकीची नव्हे. राउटरपाशी नेट जोरात यायचं आणि घरात जसजसं लांब जावं तसतसं ढेपाळायचं. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं, की खरं नेट आईच्या खोलीत आहे. मैत्रेयी होतीच. मिलिंद कामावरून आला की चहाचा कप घेऊन खाटेच्या काठावर बसायचा आणि मोबाइलवर क्रिकेट बघायचा. अस्मिता इन्शुरन्सच्या कंपनीत क्लेमचं काम बघायची. घरून काम असेल त्या दिवशी ती खुर्ची ओढून पायथ्याशी बसायची. बोलत कोणी फारसं नव्हतं. सगळ्यांच्या माना खालीच असायच्या. पण कोणी बसलं की खाट दबायची, आणि आडवी पडलेली भिमाबाई त्या बाजूला किंचित कलायची. तेवढं तिला पुरत होतं.

कधी कधी तर बोलणंही व्हायचं. एकदा अस्मिता कानाला हेडफोन लावून “येस सर, शुअर सर” करत होती. मध्येच तिने एक बटण दाबलं आणि सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भिमाबाई घाबरली. “अगं, ऐकेल ना तो!”

“म्यूट आहे, आई. हे लाल दिसतंय ना, ते दिसलं की काहीही बोलायचं.”

“आम्हाला असलं लाल पाहिजे होतं,” भिमाबाई म्हणाली. “आमच्या सुपरवायझरला आम्ही टोस्ट म्हणायचो. दोन्हीकडून करपलेला.”

अस्मिता एवढी हसली की तिला परत “येस सर” म्हणता येईना. त्या दिवशी तिने भिमाबाईच्या ताटात स्वतःहून दुसरी भाकरी वाढली. या दोघींमध्ये भांडण असं नव्हतंच कधी. फक्त दोघींना एका वेळी एका जागी बसायला कारण नव्हतं. ते कारण आता कपाटावर होतं.

अडचण एकच होती. सकाळची मोठी मीटिंग अस्मिताला आपल्या बेडरूममधूनच घ्यावी लागे. सासूच्या खोलीत मागे कपडे वाळत असायचे आणि ते कॅमेऱ्यात यायचे. बेडरूममध्ये नेट कसंबसं पोचायचं, आवाज तुटायचा. “आई, तुमच्या खोलीतून माझ्या खोलीपर्यंत येता-येता जीव जातो हो त्या नेटचा,” अस्मिता एकदा म्हणाली.

ते भिमाबाईच्या मनात राहिलं. ती अंबरनाथच्या चाळीत राहिलेली बाई होती, तिला अँटेना नवीन नव्हती. टीव्ही नवा होता तेव्हा भगवान पत्र्यावर चढून पाइप फिरवायचा, ती दारात उभी राहायची, आत टीव्हीसमोर मिलिंद. भगवान वरून ओरडायचा, “आलं का?” मिलिंद आतून, “मुंग्या!” ती मधून, “मुंग्या म्हणतोय! अजून थोडी फिरवा!” चित्र यायचं ते अँटेनाचं तोंड बरोबर दिशेला झालं की. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एका दुपारी घरात कोणी नसताना ती स्टुलावर चढली. गुडघ्याने कुरकुर केली. तिने दोन्ही शिंगं वाकवली आणि त्यांची टोकं भिंतीपलीकडे अस्मिताच्या बेडरूमवर नीट रोखली, सुईत दोरा ओवताना धरतात तशी. सुनेचं काम नीट व्हावं म्हणून. सांगितलं नाही कोणाला.

दुसऱ्या दिवशी बेडरूममधला आवाज आणखीच तुटला. भिमाबाईला वाटलं, नेम चुकला. ती परत चढली, टोकं जरा डावीकडे केली. मग जरा खाली. रोज थोडी थोडी. आणि रोज अस्मिता वैतागून लॅपटॉप उचलून तिच्या खोलीत यायची, वाळणारे कपडे काढून भिंत मोकळी करायची आणि मीटिंगलाही तिथेच बसायची. भिमाबाईला आपला नेम लागत नाही याचं वाईट वाटायचं आणि सून समोर बसलेली बघून बरंही वाटायचं. यातलं जास्त काय वाटतंय, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

शेवटी मिलिंदने महेशला बोलावलं आणि हॉलच्या छताला तबकडी बसवायचं ठरलं.

तबकडी म्हणजे मोठ्या भाकरीएवढी पांढरी थाळी. शिंगं नाहीत, सगळं पोटात. तिला जवळ वीज लागत नाही, असं महेश म्हणाला. राउटरची वायर एका काळ्या डब्यात जाते, डब्याचा प्लग भिंतीत. डब्यातून दुसरी वायर निघते आणि त्या एकाच वायरमधून नेटही जातं आणि वीजही. छताला वेगळा पॉइंट काढायला नको, पट्टीतून एक वायर नेली की झालं. डबा कुठे ठेवायचा? जिथे राउटर, तिथेच. भिमाबाईच्या खोलीत.

मिलिंद तो डबा स्वतःच उल्हासनगरच्या बाजारातून घेऊन आला होता, महेशला न विचारता. लावल्यावर थाळी मुकीच. महेशने डबा उलटा करून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं.

“साहेब, ह्यातून चोवीस व्होल्ट निघतात. थाळीला अठ्ठेचाळीस लागतात.”

“दुकानदार म्हणाला सेम असतो.”

“दिसायला सेमच. उलटं झालं नाही हे नशीब. चोवीसवाल्याला अठ्ठेचाळीस दिले असते तर धूर बघितला असता.” महेशने आपल्या पिशवीतला डबा काढून लावला. थाळीवर निळा ठिपका उमटला आणि मैत्रेयी हॉलमध्ये उड्या मारायला लागली.

मग महेशने राउटरची हवेतली रेंज बंद केली, दोन रेंज एकमेकींच्या मध्ये येतात म्हणून. घरभर आता थाळीचीच रेंज. हॉलमध्ये भरपूर, स्वयंपाकघरात भरपूर, अस्मिताच्या बेडरूममध्ये भरपूर. भिमाबाईच्या खोलीत मात्र काही नाही. मध्ये बाथरूम येत होतं.

“आईला काय लागतंय नेट?” मिलिंद म्हणाला. ते खरंच होतं. तिच्याकडे बटणांचा फोन होता.

त्याच रात्री मैत्रेयीने उशी उचलली. “आजी, आज हॉलमध्ये झोपते हं. सिरीज बघायचीय.” सोफा उघडला की पलंग होत होता. दुसऱ्या दिवशीही उशी हॉलमध्येच राहिली. नंतर चादरही गेली. मिलिंद सोफ्यावर क्रिकेट बघायला लागला. अस्मिता बेडरूमचं दार लावून मीटिंग घ्यायला लागली. कोणी काही वाईट केलं नव्हतं. कोणाला काही बोलायला जागाच नव्हती. भिमाबाई खाटेच्या मध्यावर सरकून झोपून बघू लागली, पण सवयीने पहाटे ती आपल्या कडेलाच सापडायची.

मग एके दिवशी खोली झाडून उठताना तिचा हात भिंतीवरून फिरला आणि डब्याचं बटण बंद झालं. क्षणात हॉलमधून हाक आली. “आजी! नेट!” मैत्रेयी धावत आली, बटण दाबलं आणि खाटेवर बसली. थाळी जागी व्हायला वेळ घेते. निळा ठिपका आधी पांढरा होतो, लुकलुकतो, मग स्थिर होतो. तेवढा वेळ मैत्रेयीच्या हातात मेलेला फोन होता आणि समोर आजी होती.

“गुडघा कसाय तुझा?”

“आहे आपला.”

“आणि ती तुझी मैत्रीण, पोत्यात बिस्किटांचा चुरा घरी न्यायची ती? ते सांग ना परत.”

भिमाबाई सांगायला लागली. गोष्ट अर्ध्यावर आली आणि मैत्रेयीच्या फोनने टिंग केलं. “आलं! नंतर सांग हं आजी,” म्हणून ती गेली.

ते पहिलं बटण खरोखर चुकून बंद झालं होतं. त्यानंतरची तशी नव्हती. ती कोणाचं काम चालू नसेल असं बघूनच बटण बंद करायची. मैत्रेयी घरी असली की, अस्मिता ऑफिसला गेली असली की. गोष्ट थोडी थोडी पुढे सरकत होती. त्या सकाळी मात्र चूक झाली. अस्मिताच्या मीटिंगचा दिवस बदलला होता आणि ते भिमाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. तिला सांगायचं कारणही नव्हतं.

रविवारी दुपारी महेश आला. मटणाचं जेवण आटोपून सगळे सुस्तावले होते. मिलिंदने त्याला माळा दाखवला, वायर कुठून घ्यायची ते दाखवलं आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेला. महेश पिशवी घेऊन भिमाबाईच्या खोलीत आला.

“जय भीम, मावशी. तुमची लुकलुक काढायला आलोय.”

“जय भीम. बस. चहा घेशील?”

“आधी काम.” त्याने कपाटावरून राउटर खाली घेतला, फडक्याने त्याची आणि दोन्ही शिंगांची धूळ पुसली. करता करता हसला. “मावशी, मागे थाळी लावायला आलो तेव्हा ही शिंगं दोन्ही त्या बेडरूमवर रोखलेली होती. बंदुकीसारखी. मी उभी करून ठेवली. मैत्रेयीचं काम ना ते?”

भिमाबाई म्हणाली, “का? रोखायचीच ना? जिकडं पाहिजे तिकडं तोंड करायचं.”

“टीव्हीच्या अँटेनाचं तसं असतं. हिचं उलटं.” महेशने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून पेन्सिल काढली. “मेदूवडा डोळ्यासमोर आणा. ही काडी त्याच्या भोकातून ओवली. काडी म्हणजे शिंग, वडा म्हणजे रेंज. काडी उभी धरली की वडा आडवा. चहूबाजूला सगळीकडे सारखा. ह्याच मजल्यावर पसरतो. आता काडी वाकवून टोक तुमच्याकडे रोखलं. तुमच्या वाट्याला काय आलं?”

भिमाबाईने त्या पेन्सिलच्या टोकाकडे पाहिलं. “भोक.”

“भोक. ज्याच्याकडे रोखाल त्याला भोक.” तो राउटरची वायर सोडवायला लागला. “एक शिंग उभं आणि एक जरा तिरकं ठेवलं असतं ना, तर मॅडमच्या खोलीत बऱ्यापैकी पोचलं असतं. मीटिंग चालली असती. मी साहेबांना म्हणालोसुद्धा, कदाचित थाळीची गरजच पडली नसती. पण तोवर थाळी घरात आली होती.”

भिमाबाई खाटेवर बसली. गुडघ्यावर तळवा ठेवून बसली. स्टुलावर चढून, भिंतीचा आधार घेऊन तिने धरलेला तो नेम तिला आठवला. रोज थोडा डावीकडे, थोडा खाली.

“काय झालं, मावशी?”

“काही नाही. आणि ती थाळी? तिचा वडा कसा?”

“तिचं शॉवरसारखं. छताला चिकटलेली असते ना, मग खाली आणि बाजूंना उधळते. जो तिच्या खाली बसला तो भिजला. तुमच्या आणि तिच्या मध्ये बाथरूम. टाइल्स, त्यात तो पाण्याचा मोठा ड्रम. पाणी सगळं पिऊन टाकतं. तुमची खोली आडोशाला आली.”

“आणि बटण लावल्यावर जागी व्हायला एवढा वेळ का लावते?”

महेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. असं कोणी विचारत नाही. “वीज आली की आधी आपलं आपण सगळं आठवते, कोण आहोत, काय करायचंय. मग घरात कोण कोण आहे त्यांना शोधते. मग जोडते. माणूस झोपेतून उठल्यावर करतो तेच.”

“आणि जर कोणाला तुटायलाच नको असेल नेट? काम असेल महत्त्वाचं?”

“तर रेंजच्या भानगडीतच पडू नये. राउटरमधून वायर काढावी आणि सरळ लॅपटॉपला लावावी. शिंग नाही, थाळी नाही, वडा नाही. मध्ये डोंगर आला तरी तुटत नाही. पण राउटरशेजारी बसावं लागतं. आजकाल कोण बसतंय एका जागी?”

अस्मिता दारात येऊन उभी होती. चहाचे कप तिच्या हातात होते. ती कधीपासून उभी होती ते भिमाबाईला कळलं नाही. अस्मिताने महेशला कप दिला, मग सासूला दिला, आणि देताना एकदा कपाटाच्या वर पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या स्टुलाकडे, एकदा भिंतीवरच्या बटणाकडे. ती क्लेम तपासणारी बाई होती. लोक काय लिहितात आणि खरं काय झालेलं असतं, हे रोज बघणारी. “साखर बघा आई, कमी असेल तर,” एवढंच म्हणाली.

मिलिंद फोन संपवून आत आला. मागोमाग मैत्रेयी, हातात मोबाइल, डोळे मोबाइलात.

“झालं का रे महेश?”

“आता वायर काढतो साहेब. हॉलमधून आत घेतली की हे सगळं माळ्यावर.”

“एक काम कर. तुझ्याकडे छोटा पॉइंट असेल तर आईच्या खोलीत पण एक लावून टाक. तिला मी एक स्मार्टफोन आणतो. यूट्यूब बघेल, भीमगीतं ऐकेल. म्हणजे तिला बाहेर यायला नको आणि कोणाला आत यायला नको. सगळे सुखी.” मिलिंदला आपली कल्पना आवडली होती. तो आईकडे बघून हसला. “काय आई? तुझं स्वतःचं नेट!”

भिमाबाईने चहा बशीत ओतला, संपवला आणि बशी कपाखाली सारली.

“पॉइंट नको.”

“अगं, खर्चाचं नको बघूस.”

“खर्चाचं नाही बोलत मी. महेश, वायरी जिथं आहेत तिथं राहू दे. राउटर वर ठेव परत. शिंगं उभीच ठेव.”

“आई, परत तेच?” मिलिंदचा आवाज चढला. “परत बटण बंद होणार, परत हिची मीटिंग तुटणार. आपण ठरवलंय ना?”

“तू ठरवलंयस.”

“अहो, बोलू द्या त्यांना,” अस्मिता म्हणाली.

“मैत्रेयी, कानातलं काढ,” भिमाबाई म्हणाली. मैत्रेयीने दचकून काढलं.

“अस्मिता ह्या खोलीत काम करील. दार लावून. महेश आत्ता वायर काढून देतो, ती सरळ लॅपटॉपला लावायची, मग थाळी चालू असो नाहीतर बंद. ह्या बटणाला हात तीच लावील, दुसरं कोणी नाही. हा फोटो, तो फोटो इथंच राहतील, भिंत चांगली दिसते. भगवानचा तेवढा मी घेऊन जाईन.”

“घेऊन कुठे जाशील?” मिलिंदने विचारलं.

“हॉलमध्ये.”

“हॉलमध्ये? आणि झोपणार कुठे? तिथे टीव्ही, येणारे-जाणारे, मैत्रेयी बारा वाजेपर्यंत जागी. आई, तुला झोप तरी लागेल का?”

“आजी, मी रात्री हसते पण मोठमोठ्याने,” मैत्रेयी म्हणाली. “कॉमेडी बघताना.”

“माहितीय मला. भिंतीतून ऐकते.”

“पण लोक काय म्हणतील? म्हातारीला खोलीबाहेर काढलं म्हणतील,” मिलिंद म्हणाला.

“लोक तिसऱ्या मजल्यावर येतात कुठं म्हणायला?” भिमाबाई उठली. उठताना तिचा हात सवयीने भिंतीकडे गेला, बटणापाशी थांबला आणि खाली आला. “हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल इकडं येईल. माझी खाट थाळीखाली लागेल, मैत्रेयीच्या सोफ्याला लागून. महेशचा चहा होऊ दे, तो एक बाजू धरील आणि मिलिंद, तू दुसरी धर.”